भिंत जुनी करणारा विद्यार्थी

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की भोजनानंतरची बैठक ठरलेलीच. वसतिगृहाच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या जातात आणि नोकरी, घराचे हप्ते, मुलांचे प्रवेश असे विषय निघतात. 2024 च्या हिवाळ्यातील बैठक मात्र एका चित्रपटाने व्यापून टाकली. 2018 साली आलेला 'तुंबाड' त्या वर्षी 13 सप्टेंबरला पुन्हा चित्रपटगृहांत लागला होता आणि खराडीच्या आयटी कंपन्यांत काम करणारी आमची मुले तो दोनदोनदा पाहून आली होती.

वाद रंगला तो कथेवर नव्हे, कारागिरीवर. पडद्यावरचा पाऊस खरा की नळाचा, यावर दोन तट पडले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसासाठी चार पावसाळे चित्रीकरण केले, ही माहिती एकाने पुरवली. छायालेखक पंकज कुमार यांनी त्या करड्या उजेडात धरलेले डोंगर, कंदिलाच्या प्रकाशात दिसणारे हस्तरचे लालभडक गर्भगृह, आजीच्या रंगभूषेमागे दडलेला मोहम्मद समद हा मुलगा, असे एकेक दाखले निघत गेले. चित्रपटातील वाडा सासवडच्या सरदार पुरंदऱ्यांचा, हे ऐकून काही जण चकित झाले. दिवेघाट चढून गेले की आपल्यापासून तो फार दूर नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. आम्हीही आमचे ज्ञान पाजळले. चित्रपटाची कथा 1918, 1933 आणि 1947 या तीन काळांत घडते. याच वर्षांच्या दरम्यान, याच कोकणात, 1927 साली महाडचे चवदार तळे पेटले. खेड तालुक्यातील ज्या तुंबाडचे नाव चित्रपटाने घेतले, त्या मुलखात खोतांचे राज्य होते. ती खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई कायदेमंडळात मांडले आणि पुढच्याच जानेवारीत कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईत नेला. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. चित्रपटात वाडा आहे, सोने आहे, लोभ आहे. त्या वाड्याला धान्य पुरवणारे कूळ मात्र शोधावे लागते. मुलांनी आदराने ऐकून घेतले.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला एक जण बोलला. चित्रपटांचे सेट रंगवणाऱ्या पथकात तो मुंबईला काम करतो. 'तुंबाड'शी त्याचा संबंध नव्हता. पण नव्या भिंती जुन्या करणे हेच त्याचे काम.

"सर, डाग नेहमी वरून खाली रंगवायचा, कारण पाणी खाली वाहतं. तुळईच्या टोकाखाली आणि खिडकीच्या कोपऱ्याखाली ओल जास्त दाखवायची. कमरेच्या उंचीला माणसांचे हात लागतात, तिथं भिंत तेलकट काळी होते. एवढं चुकलं तर कितीही पैसे ओता, वाडा खोटाच दिसतो."

"हे कोणी शिकवले?" एकाने विचारले.

"वडिलांनी. सुट्टीत त्यांच्याबरोबर गिलाव्याला जायचो ना, इथंच, खराडीतल्या इमारतींवर."

बैठक त्याच्याभोवती सरकली. आम्ही मात्र गप्प झालो. बारावीनंतर कॉलेज सोडून त्याने हे काम धरले, तेव्हा आम्ही त्याला याच व्हरांड्यात उभे करून खडसावले होते. "बापाच्या हातातली थापी सुटावी म्हणून तुला शिकवले, आणि तू ब्रश घेऊन पुन्हा भिंतीपाशीच?" असे आमचे शब्द होते. त्यानंतर कित्येक वर्षे तो मेळाव्याला फिरकला नव्हता.

त्या रागाचे मूळ आम्हाला ठाऊक आहे. 1972 च्या दुष्काळात आमची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिच्या तळहातावरचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. हाताने करायच्या कामाचे नाव निघाले की आम्हाला ते घट्टेच आठवतात. परंतु 1936 साली जातीची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील भेद स्पष्ट केला होता. तो धडा आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. जन्माने लादलेले काम निराळे आणि आवडीने निवडलेले निराळे, हा त्याचा अर्थ आमच्याच विद्यार्थ्याच्या बाबतीत आम्हाला उमगला नाही. आईला निवड नव्हती. याने निवड केली होती, आणि ती करण्याचे धाडस त्याला बहुधा याच शाळेने दिले होते.

बैठक उठल्यावर आम्ही त्याला बाजूला घेतले आणि त्या दिवशीचे बोलणे चुकले होते, असे सांगितले. तो संकोचला. "राहू द्या, सर. तुम्ही काळजीनंच बोलला होता," म्हणाला. मग हळूच पुढे बोलला, "सिनेमा संपला की लगेच उठू नका. आमची नावं शेवटी येतात."

यंदा जानेवारीत नववीच्या वर्गाला घेऊन आम्ही सासवडला गेलो. आजवर वाडे दाखवताना आम्ही सरदारांची नावे आणि लढायांचे सन सांगत आलो. या खेपेस मुलांना आधी भिंतींपाशी नेले आणि तोफा, पेशवे बाजूला ठेवून विचारले, हे दगड कोणी घडवले असतील, चुना कोणी मळला असेल, आणि त्यांची नावे कोठे लिहिली आहेत? गवंड्याची एक मुलगी दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली. मग वहीत काहीतरी लिहू लागली. काय लिहितेस, असे आम्ही विचारले नाही. घरी जाऊन ती वडिलांना दाखवणार होती.