शिरगणतीत खापरपणजोबा का सापडत नाहीत

चि. अनघा,

तुझ्या सासरच्या लोकांचे घराणे इंग्लंडच्या 1851 च्या शिरगणतीपासून पिढ्यान्पिढ्या सलग लागते, मग आपल्या खापरपणजोबांचे कुटुंब 1881 च्या जनगणनेत का सापडू नये, हा तुझा प्रश्न रास्त आहे. याचे सरळ उत्तर असे की, ज्या तक्त्यांवर घरोघरची माणसे लिहिली गेली ते तक्ते गोषवारे तयार झाल्यावर नष्ट करण्यात आले. पण एवढ्यावर थांबलो तर आपल्याकडे कागदच नाहीत असा समज होईल, आणि तो चुकीचा ठरेल. माझे म्हणणे असे आहे की, कुठलाही जुना कागद हाती घेताना तो कोणी, कशासाठी लिहून घेतला हे आधी विचारावे. माणसे मोजायला लिहिलेल्या कागदात आपले पूर्वज नाहीत. हक्क, वारसा किंवा मजुरी ठरवायला लिहिलेल्या कागदात मात्र ते असू शकतात.

आधी तुझ्या हाताशी असलेल्या इंग्रजी नोंदींकडेच पाहा. तिथे 1841 मध्ये प्रथमच देशभर माणसांची नावे लिहून घेतली, पण पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे अशी गणकांना सूचना होती. म्हणजे 34 वर्षांचा माणूस 30 चा होतो. नाते तर विचारलेच नव्हते, त्यामुळे एका घरातली एकाच आडनावाची दोन मोठी माणसे नवरा-बायको की बहीण-भाऊ, हे त्या पानावरून ठरत नाही. 1851 पासून नाते आले, पण तेही कुटुंबप्रमुखाशी. प्रमुखाची बायको ही त्याच्या मुलांची आईच असेल असे नाही, ती दुसरेपणावरही दिलेली असू शकते. तेव्हा सासरचे घराणे ‘उलगडले’ असे आपण म्हणतो, त्यातला बराच भाग एका शिरगणतीला दुसरी जोडून आणि चर्चच्या नोंदवह्यांशी ताडून काढलेला निष्कर्ष असतो. तिथेही सरकारला हवी होती ती आकडेवारी. नावे हे तिचे साधन होते. पुढच्या पिढ्यांचे नशीब असे की त्या वह्या टिकल्या.

आपल्याकडे त्या टिकल्या नाहीत याचे कारण लोक चटकन ‘गोऱ्या साहेबाला नेटिवांची किंमत नव्हती’ असे सांगतात. त्यात तथ्य असेलही, पण ते स्पष्टीकरण पुरत नाही. आयर्लंडमधल्या 1861 ते 1891 या चारही शिरगणत्यांचे मूळ तक्ते सरकारनेच नष्ट केले, आणि ती माणसेही गोरीच होती. प्रश्न हेतूचा होता. 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री जवळजवळ सबंध हिंदुस्थानात एकाच वेळी डोकी मोजली, ती वय, धर्म, जात, भाषा, धंदा यांचे जिल्हावार तक्ते करण्यासाठी. ते छापले की मूळ कागद म्हणजे अडगळ. पुढे 1948 च्या जनगणना कायद्याने घरोघरचे कागद लोकांना पाहायला मिळणार नाहीत आणि बहुतेक दाव्यांत पुरावा म्हणूनही चालणार नाहीत, असे ठरवले. म्हणून जुन्या जनगणनेचा अहवाल जरूर वाच, पण त्यातून तालुका कळेल, घर कळणार नाही. मराठा आरक्षणासाठी झालेल्या कुणबी नोंदींच्या शोधात महाराष्ट्राने हेच पाहिले. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला महसुली दप्तरे, शाळांची रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी असे कागद धुंडाळावे लागले, कारण एखाद्या गावात अमुक जातीची इतकी माणसे होती या आकड्यावरून अमुक घर त्या जातीचे होते हे सिद्ध होत नाही.

मग नावे कुठे आहेत? जिथे सरकारला कुणाकडून काही घ्यायचे होते किंवा कुणाला काही द्यायचे होते तिथे. 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पद्धतीने जमिनीची पाहणी सुरू झाली, तेव्हा सारा कोणाकडून वसूल करायचा हे ठरवायला खातेदाराचे नाव लागले. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. त्याने इनामदारांकडे पुरावा मागितला आणि घराण्यांनी सनदा, कैफियती, वंशावळी पुढे केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी हक्कनोंदीचा कायदा आला आणि फेरफारांत ‘मयत अमुक, वारस अमुक’ अशा नोंदी होऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या माणसाची मुले एकत्र दिसतात ती अनेकदा इथेच. म्हणून शोध आजच्या सातबाऱ्यापासून सुरू करून मागे मागे जावे. शिवाय आपल्या नावाच्या रीतीचा एक फायदा आहे: माणसाच्या नावापुढेच बापाचे नाव येते. इंग्रजी शिरगणतीत जो दुवा वेगळ्या रकान्यात शोधावा लागतो तो इथे नावातच मिळतो. आडनावावर मात्र विसंबू नकोस. एकच घराणे एका कागदात मूळ आडनावाने, तर दुसऱ्यात कुलकर्णी किंवा पाटील म्हणून येते.

यावर तू विचारशील की हे सगळे जमीनदारांचे आणि वतनदारांचे कागद, ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांचे काय? हा आक्षेप वजनदार आहे. पण वतनदार म्हणजे केवळ देशमुख-देशपांडे नव्हेत. 1874 चा वतन कायदा महार वतनालाही लागू होता. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आणले ते त्याच कायद्यावर. ज्यांना वतनही नव्हते त्यांच्यातले काही समुद्रापार गेले. कोकणातून मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांची नावे, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि गाव असे तपशील तिथल्या वह्यांत आहेत, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर जपलेले आहे. गावच्या कुठल्याही वहीत ज्याला जागा मिळाली नसती त्याची नोंद झाली, कारण मळेवाल्यांना त्याची मजुरी हवी होती. बायकांच्या बाबतीत मात्र उणीव भरून निघत नाही. ब्रिटिश काळातल्या शिरगणतीत घरच्यांची हरकत असेल तर बाईचे नाव न लिहिता नुसते ‘स्त्री’ लिहिण्याची मुभा असे. विधवेने दत्तक घेतला, पोटगी मागितली किंवा वाटणीला हरकत घेतली, तर तिचे नाव कागदावर येते. संसार सुखाचा झाला असेल तर बहुधा येत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. ज्या कागदामागे लाभ आहे त्यात खोटेही असणार. असतेच. इनाम वाचवायला निघालेले घराणे वंशावळ लांबवील, भाऊबंदांची शाखा गाळील, दत्तकाला औरस म्हणेल. पण खोटे बोलण्याचे कारण ठाऊक असले की ते पकडायची जागाही ठाऊक होते, कारण त्याच दाव्यात प्रतिपक्षाने नेमके तेच खोडून काढलेले असते. शिरगणतीत चुकीचे वय सांगणाऱ्याला हटकणारा समोर कोणी नसतो. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आणि छापील कुलवृत्तान्त यांनाही हीच कसोटी लाव. पहिल्यात यजमानाने सांगितलेले असते, दुसऱ्यात घराण्याला मिरवायचे असते. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्हींना तिऱ्हाईत कागदाचा आधार हवा.

तेव्हा तक्ता करायला बसशील तेव्हा प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिही: कागद कोणता, सांगणारा कोण, आणि त्याला त्यातून काय मिळणार होते. जिथे दोन परस्परविरोधी हितसंबंधांचे कागद एकच नाते सांगतात ती रेघ पक्की काढ, एकाच कागदावरची तुटक ठेव, आणि खापरपणजीचे नाव मिळाले नाही तर जागा रिकामी सोड. मोडी वाचणारा जाणकार गाठ, नाहीतर निम्मे दप्तर मुके राहील. असा तक्ता तुझ्या सासरच्या तक्त्यापेक्षा आखूड भरेल. पण त्यातल्या प्रत्येक माणसाबद्दल तो कधी जन्मला यापेक्षा तो कशासाठी भांडला, काय कसत होता, कोणाचे देणे लागत होता हे तुला कळेल. इंग्रजी शिरगणतीची एक ओळ एवढे सहसा सांगत नाही.

तुझा,
काका