ऋतूचे पेय : कडोलीहून सत्तरीपर्यंत

फ्रान्स देशात द्राक्षारसाची निवड करताना तो कोणत्या प्रांताचा हे जसे पाहतात, तसेच बाहेर ऋतू कोणता आहे हेही पाहतात. उन्हाळ्यात दक्षिणेकडील प्रोव्हान्सचा फिकट गुलाबी द्राक्षारस थंड करून घ्यावा. थंडीत मांसाच्या रश्श्याबरोबर बर्गंडीचा अथवा बोर्दोचा तांबडा काढावा. बोजोले प्रांताचा त्याच वर्षीचा कोवळा द्राक्षारस तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीच विक्रीस निघतो, आधी नाही. बर्गंडीतील वूजोचा प्रसिद्ध मळा बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासीयांनी उभा केला. पुढे १९३५ साली तेथील सरकारने कायदा करून प्रांतांच्या नावांना संरक्षण दिले. शॅम्पेन हे नाव त्या प्रांताबाहेरच्या बाटलीवर तेथे घालता येत नाही.

हे वाचून आम्हां कडोलीकरांस नवल वाटते. बेळगावच्या उत्तरेस वसलेले आमचे गाव भातामुळे, बटाट्यामुळे आणि दरसालच्या साहित्यसंमेलनामुळे चार लोकांस ठाऊक आहे. द्राक्षारस आम्ही पाहतो तो वेदीवरील प्याल्यात. एरव्ही ‘पेय’ म्हणताच आमच्या मायबहिणींच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती दारू. आणि या दारूला ना गाव, ना ऋतू. पिशवीबंद अरकाची विक्री कर्नाटक सरकारने जुलै २००७ पासून बंद केली खरी, परंतु तिची जागा कागदी खोक्यातील स्वस्त दारूने घेतली. ती पेरणीला जशी, तशीच सुगीला, तशीच मयताला. शेजारच्या एका घरातील भांडी एकेक करून विकली गेलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणूनच ऋतू पाहून पिणारी माणसे आपल्या मुलखाजवळ कोठे आहेत काय, हे पाहण्याची इच्छा आम्हांस झाली.

ती गोमंतकात आहेत. काजूच्या बोंडांचा हंगाम बहुधा प्रायश्चित्तकाळातच सुरू होतो, म्हणून आम्ही ईस्टर उलटल्यावर मुलाबाळांसह निघालो. बेळगाव सोडून जांबोटी गाठली. पुढे मलप्रभेचा जेथे उगम होतो ते कणकुंबी, आणि नंतर चोर्ला घाट. घाट उतरून केरीच्या बाजूस सत्तरीत शिरताच वाऱ्याबरोबर एक आंबटगोड, उग्र वास आला. भट्टी कोठे आहे हे विचारावे लागले नाही.

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते आपल्याकडे आणले. परंतु आता डोंगराच्या उतारावर ते असे रुजले आहे की, ते परके होते असे सांगूनही कोणास पटू नये. जाणते लोक बोंडे झाडावरून तोडीत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलीच पहाटे वेचतात, बी पिरगळून वेगळी काढतात आणि बोंडे टाक्यात टाकून पायांनी तुडवितात. तुडविलेल्या चोथ्याची रास करून तिच्यावर वजन ठेवले की, खालून थेंब थेंब स्वच्छ रस गळतो. तो निरो. निरो गोड असतो, त्यात मद्य नसते आणि लहान मुलांनी तो मनसोक्त प्यावा. आमच्या मुलांनी तसेच केले.

तुडवून निघालेला रस दोनतीन दिवस आंबवून ‘भाण’ नावाच्या भांड्यात उकळतात. वाफ नळीवाटे पाण्याने गार ठेवलेल्या ‘लावणी’त उतरते. ही पहिली धार म्हणजे हुर्राक. हुर्राक व आंबवलेला रस एकत्र करून पुन्हा उकळले की फेणी होते. बाटली हलवली असता वर जो फेस धरतो, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

निवड कशी करावी, हे आम्ही भट्टीवाल्यास विचारले. त्याच्या मते आधी महिना पाहावा. हुर्राक मार्च ते मे एवढाच. तो सौम्य असतो; लिंबाचा सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून, माशाच्या तुकडीबरोबर दुपारच्या उन्हात घ्यावा. पावसाळ्यापर्यंत साठविला तर त्याची चव उतरते. जून महिन्यात, २४ तारखेस, संत योहान बाप्तिस्ताचा सण. डोक्यावर फुलापानांची ‘कोपेल’ घालून तरुण विहिरीत उड्या घेतात, कारण आईच्या उदरात असतानाच योहानाने आनंदाने उडी घेतली होती. त्या दिवशी घरोघर फेणी असते. परंतु नवी फेणी घशाला तिखट लागते; शहाणी माणसे ती काचेच्या मोठ्या बरणीत पाऊसभर निजू देतात आणि नाताळात, सोरपोतेलाच्या पंगतीला बाहेर काढतात. दक्षिण गोव्यात माडाच्या सुरेची फेणी होते, ती काजूची नव्हे. तिचा वास मंद असतो. खरेखोटेपणासाठी एक थेंब तळहातावर चोळावा. फळाचा वास मागे राहिला तर ठीक.

अर्थात आम्ही येथे फेणीची जाहिरात करीत नाही. तिच्यात शेकडा ४० हून अधिक मद्यार्क असतो, आणि ज्याला एका पेल्यावर थांबता येत नाही त्याने पहिल्यालाही हात लावू नये. गोमंतकातही व्यसनाने बसलेली घरे आहेत. तरीदेखील या माणसाजवळ मार्चपासून मेपर्यंत काम असते, पुढे भट्टी थंड. आणि आपण कोणत्या उताराची बोंडे तुडविली, हे तो बोटाने दाखवतो. काजूफेणीस २००९ साली भौगोलिक नामसंरक्षण मिळाले, आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा म्हणून मान दिला. फ्रान्समध्ये १९३५ साली जे झाले, त्याच वाटेवरचे हे पाऊल. कागदी खोक्यावर मात्र आम्ही पुष्कळ शोधले. कोणत्याही डोंगराचे नाव सापडले नाही.

आम्ही तेथे हुर्राकाचा एकेक पेला घेतला. मीठ थोडे जास्त झाले होते. मद्य राज्याबाहेर नेण्याचे नियम वेगळे असल्याने फेणी बरोबर घेतली नाही. मुलांच्या हट्टाखातर निऱ्याची एक बाटली तेवढी घेतली. घाट चढताना ती कुजबुजू लागली. कणकुंबीला बूच वर आले. जांबोटीस पोहोचण्यापूर्वीच ते फट्‌दिशी उडून धाकट्याच्या कपाळावर बसले, आणि उरलेला निरो झाडाखाली उभे राहून आम्हांस तेथेच ओतून द्यावा लागला. तोवर तो मुलांना देण्याजोगा राहिला नव्हता.