रोजच्या अभंगाला व्हॉल्व्हचा प्रीअँप?

गेल्या महिन्यात आमच्या भालकीच्या घरात एका डब्यावरून चांगलीच चर्चा झाली. बऱ्याच घरांत असाच प्रश्न येत असेल, म्हणून लिहितोय.

पुण्याचा भाचा व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर घेऊन आला. म्हणाला, "मामा, अण्णा आजोबांच्या रेडिओसारखा आवाज येतो याच्यातून. आजीला रोज सकाळी यावरच अभंग लावून द्या."

अण्णांचा रेडिओ म्हणजे ती मोठी लाकडी पेटी. बटण फिरवलं की थोडा वेळ सगळं गप्प, मग आवाज हळूहळू वर यायचा. पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागायचे. गुलबर्ग्याचं आकाशवाणी केंद्र १९६६ साली सुरू झालं, ते लागायचंच. बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला. आणि भीमसेन जोशी लागले की मराठी अभंग असो का कन्नड दासवाणी, शेजारपाजारचे ओट्यावर येऊन बसायचे. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. आई सकाळी एकटीच असते, तिला तेवढीच सोबत. त्यामुळं हा विषय नुसत्या हौसेचा नव्हता.

आम्ही चार दिवस लावून ऐकला. आवाजाला थोडी गोलाई येते, हे खरं. व्हॉल्व्ह मूळ सुरात स्वतःचे थोडे वरचे सूर मिसळतो, ते कानाला गोड लागतात. पण अण्णांच्या रेडिओचा गोडवा एकट्या व्हॉल्व्हचा नव्हता. लाकडी पेटी, कागदी पडद्याचा मोठा स्पीकर आणि मीडियम वेव्हवर बारीक, टोकदार आवाज आधीच कापले जाणं, हे सगळं मिळून तो आवाज व्हायचा. छोट्या स्पीकरला प्रीअँप जोडून तो परत येत नाही.

दुसरं, प्रीअँप स्वतः स्पीकर वाजवत नाही. त्याच्यापुढं अँप्लिफायर लागतोच. सुरू करताना आधी प्रीअँप, तो तापला की मग अँप्लिफायर. बंद करताना उलटं. क्रम चुकला तर स्पीकरमधून धप्पकन आवाज येतो. आमच्याकडं उन्हाळ्यात लाईट येते-जाते. दर वेळी हा सोपस्कार कोण करणार?

तिसरा हिशेब भाच्यानंच मांडला. व्हॉल्व्हचं आयुष्य ५,००० तास धरलं आणि घरात रोज सहा तास गाणी-बातम्या चालल्या, तर सव्वादोन वर्षांत तो बदलावा लागेल. रोज तासभरच लावला तर जवळपास चौदा वर्षं. पूर्वी बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनायचे आणि गावोगावी रेडिओवाले होते. आता तो बाहेरून मागवायचा. शिवाय आत दोन-तीनशे व्होल्टचा दाब असू शकतो, घरी उघडून बघायची वस्तू नाही ती.

पण निकाल लावला आईनं. पहिल्याच सकाळी तिनं बटण दाबलं, आवाज येईना. परत बंद, परत चालू. शेवटी मला हाक मारली, "अण्णांच्या रेडिओला येकच बटण होतं की रे. ह्याला तीन-तीन कशाला? तू नसल्यावर मी काय करू?"

मला वाटतं, रोजच्या वापराची खरी कसोटी हीच. घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला कुणालाही हाक न मारता जे लावता येतं, ते रोजच्या वापराचं. आवाजातला बारीक फरक त्याच्यानंतर.

म्हणून आईच्या खोलीत एका बटणाचा साधा स्पीकर ठेवला. प्रीअँप बैठकीत आहे. रविवारी संध्याकाळी निवांत बसून ऐकायला तो छानच. बसून, लक्ष देऊन ऐकणाऱ्यानं जरूर घ्यावा. दिवसभर टीव्ही आणि मोबाईलची गाणी चालणाऱ्या घरानं तेच पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत, फरक जास्त कळेल.

बिदर, बसवकल्याण, आळंदकडच्या मंडळींपैकी कुणाकडं व्हॉल्व्हचा जुना रेडिओ अजून चालू असेल, तर तो कोण दुरुस्त करतं ते खाली सांगा. अण्णांची पेटी माळ्यावर आहे.