मालवणीहून असल्फाला

अम्मीची थोरली बहीण असल्फाच्या टेकडीवर राहते आणि आम्ही मालवणीत. दोन्ही ठिकाणं मुंबईतच, पण चार वर्षं दोघी बहिणींची भेट नव्हती. बसने मालाड स्टेशन, पुलाचे जिने, लोकलने दादर, तिथे पुन्हा जिने, मग घाटकोपर आणि शेवटी रिक्षा. गुडघे गेलेल्या बाईने हे करायचं कसं? ईदला फोनवर सलाम-दुआ व्हायची, दोघी रडायच्या आणि फोन ठेवायच्या.

शेवटी एका रविवारी आम्ही अम्मीला मेट्रोने न्यायचं ठरवलं. खालाने कळवलं होतं, तब्येत बरी नसते, एकदा येऊन जा.

रिक्षाने मीठ चौकी गाठली. इथून अंधेरीपर्यंतची मेट्रो जानेवारी २०२३मध्ये सुरू झाली. त्याआधी ही गाडी डहाणूकरवाडीपाशीच थांबायची, म्हणजे आम्हाला असून नसल्यासारखीच. सरकत्या जिन्यासमोर अम्मी 'बिस्मिल्लाह' म्हणून पाय उचलायची आणि पुन्हा मागे घ्यायची. मग लिफ्ट शोधली.

गाडी लिंक रोडच्या वरून धावते. खाली वाहनं खोळंबलेली आणि आपण तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. कुणाच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, कुणाच्या ओट्यावर लोणच्याच्या बरण्या. मुलं काचेला नाक लावून बसली. अम्मीने मात्र नजर खाली घेतली. "लोकांच्या घरात असं बघू नये," म्हणाली. खरं आहे, पण मेट्रो बांधणाऱ्यांना हे कोण सांगणार!

अंधेरी पश्चिमेला उतरून पुलावरून डी. एन. नगरला जायचं असतं. दोन्ही मेट्रोच, पण चालवणारे वेगळे. म्हणून एका दारातून बाहेर पडा, चाला, दुसरं तिकीट घ्या, पुन्हा सामान तपासा. तरुणांना त्याचं काही वाटत नाही. अम्मी मध्ये दोनदा बसली. शहराने एवढे खांब उभे केले, तर म्हाताऱ्यांसाठी चार बाकं जास्त ठेवायला काय हरकत होती?

वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली. लांबी ११.४ किलोमीटर, स्टेशनं बारा, डबे चारच. अंधेरीला ती लोकलच्या रुळांवरून जाते आणि पुढे द्रुतगती महामार्ग जाड तारांनी तोललेल्या पुलावरून ओलांडते. एरवी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याच्या चौकात रिक्षाचं मीटर पळत राहतं आणि रिक्षा जागची हलत नाही. तो चौक पायाखालून कधी गेला, कळलंही नाही.

असल्फा आलं. समोर टेकडीवर एकावर एक चढलेली घरं. २०१७ साली स्वयंसेवकांनी त्यांतल्या बऱ्याच भिंती रंगवल्या; लोक मेट्रोतून फोटो काढतात. रंग आता जागोजागी उडालेत. खाला म्हणते, "भिंत रंगली बेटा, पत्रा तसाच गळतो."

खरी अडचण इथेच होती. मेट्रोने अम्मीला टेकडीच्या पायथ्याशी आणून सोडलं, पण खालाचं घर वर, अरुंद पायऱ्यांच्या गल्लीत. अम्मीने वीसेक पायऱ्या चढून पाहिल्या आणि मटकन बसली. आम्ही उचलून न्यायला तयार होतो, ती ऐकेना. "चार लोकांत तमाशा नको."

मग खालाच निघाली. भाच्याचा हात धरून एकेक पायरी, मध्ये थांबत. अर्धा तास तरी लागला असेल. खाली रस्त्यावरच्या एका शिवणकामाच्या दुकानदाराने दोन स्टुलं दिली आणि यंत्र बंद करून चहा सांगितला. अम्मी "आपा" म्हणाली आणि पुढे दोघींना बराच वेळ बोलताच येईना. असरची अजान झाली तेव्हा कुठे त्या हुंदके आवरून उठल्या.

निघताना खालाने शेवयांची पुडी दिली. "पुढच्या वेळी नाही जमलं तर डब्यातूनच बघ. खिडकीत हिरवा दुपट्टा टांगते."

परतीच्या गाडीत अम्मी टेकडीच्या बाजूला बसली. नजर खाली घ्यायचं या वेळी ती विसरली होती. गाडी सुटली. हिरव्या, निळ्या, पिवळ्या भिंती भराभर मागे गेल्या. "दिसला का रे?" तिने विचारलं. मुलांनी एकदम तीन वेगवेगळ्या खिडक्या दाखवल्या.