तरटाएवढी जागा

गल्लीत जन्मलेल्या कुत्र्याला कुठे बसायचं नाही हे फार लवकर कळतं. किराणा दुकानाच्या पायरीवर नाही, गिऱ्हाईक असताना टपरीखाली नाही, देवळाच्या सावलीत तर नाहीच नाही. उठून जायचा त्याचा सराव पक्का असतो. ही तुझी जागा, असं त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. भुऱ्या याच शाळेत शिकून आमच्या घरी आला. दाराशी, खिडकीशी, ओट्याशी, पुन्हा दाराशी. पडला तरी पाय अंगाखाली घेऊन, कुणी हाकलायच्या आत उठता यावं असा.

बरं, रात्री त्याला अंगणात ठेवावं, तर गाव बुलढाणा. खामगावच्या रस्त्याला लागलं की बोथ्याचं जंगल, ज्ञानगंगा अभयारण्य. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. बिबट्याला कुत्रं भारी प्रिय, ही काही पारावरची गप नव्हे. नगरकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याने खाल्लेल्या मांसात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. याच ज्ञानगंगेत २०१९च्या अखेरीस एक तरुण वाघ येऊन पोचला होता. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर, पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चाललेला. कशासाठी, तर जागेसाठी. भुऱ्याला त्या मानाने फार थोडी लागत होती: सोयाबीनचं एक रिकामं तागाचं पोतं, चौघडी घालून, ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात.

पोतं अंथरलं आणि गप्प बसून राहिले. हाक नाही, बोट नाही, मानेला धरून दाबणं तर नाहीच. भुऱ्या हुंगत आला. पुढचा पंजा तागावर पडला त्याच क्षणी ‘हां’ म्हटलं आणि कळण्याच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा पोत्यावर ठेवला. हातातून भरवलं तर कुत्रं हाताच्या मागे लागतं; तुकडा पोत्यावरच उगवला तर ते पोत्याकडे बघू लागतं. अमेरिकेतल्या थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून हेच मांडलं होतं, की ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती कृती पुन्हा होते. पुढे स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने १९५१मध्ये प्राणी कसे शिकवावेत यावर सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला, त्यात जत्रेतल्या टिकटिकीसारखं खेळणं वाजवून नेमका क्षण टिपायला सांगितलं. माझं ‘हां’ म्हणजे ती टिकटिकी.

पंजा झाला, मग चार पाय, मग बसणं, मग पडणं. इथवर घाईघाईत झालं. पण पडणं म्हणजे विसावणं नव्हे. हुकमावर पडलेलं कुत्रं स्प्रिंगसारखं असतं. डोळा तुकड्यावर, कोपर उचलायच्या बेतात. ते पडणं मला नको होतं. मी त्याच्या मागच्या पायांकडे बघत राहायचे. एके संध्याकाळी कंबर एका कुशीला कलली, दोन्ही मागचे पाय एका बाजूला सुटे पडले, पोटाचा श्वास लांबला. मी अगदी हळू, जणू काही झालंच नाही अशी, त्याच्या हनुवटीजवळ तुकडा ठेवला. खाऊन त्याने मान पुन्हा खाली टाकली. आराम कर म्हणून कुणाला आराम करता येत नाही. झालेल्या आरामाची मजुरी तेवढी देता येते.

शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. “काहून वो बाई, कुत्र्याले निजाची बी मजुरी देता काय?”

“हो ना आजी, रोजीनं.”

“मंग मले सांगजा. म्या तर फुकटच निजते.”

‘जागा’ हा शब्द मी फार उशिरा जोडला. काम आधी, नाव मागून. पहिल्यांदा एक पाऊल दूर गेले नि परत आले, मग स्वयंपाकघरापर्यंत, मग फाटकापर्यंत. कुकरच्या शिट्टीला भाकर पुरली. घंटागाडीच्या भोंग्याला उकडलेली कलेजी काढावी लागली, कारण कठीण कामाला मजुरी जास्त, हे कुत्र्यालाही कळतं. उठायची परवानगी ‘चल’ने. आणि रागावून त्याला पोत्यावर पाठवायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलं. आपली जागाच शिक्षेची झाली तर तो पुन्हा दाराशीच जाणार. आता चिखलीला बहिणीकडे जाताना पोतं सोबत असतं. परक्या घरात ते अंथरलं की दोन गिरक्या, एक फुरकं, आणि स्वारी आडवी.

दिवाळीचे फटाके मात्र अजून आमच्या हाताबाहेर आहेत. सुतळी बॉम्ब वाजला की कलेजी तशीच पडून राहते. भेदरलेला जीव खात नाही, आणि जो खात नाही त्याला काही शिकवता येत नाही. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही शिकवणी बंद ठेवतो, पोतं उचलून मधल्या खोलीत पलंगाखाली सरकवतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.