पुढे हो, मी येतो

होस्टेलवर रविवारी सकाळ होतच नाही, थेट दुपार होते! पण सप्टेंबरातल्या एका रविवारी मी आणि माझा रूममेट सकाळी सातलाच चाळीसगावहून सायकलींवर निघालो. (सगळे त्याला ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून इथेही भाऊच.) आदल्या रात्री जळगावहून त्याच्या घरी मुक्कामाला गेलो होतो. त्याच्या आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा स्टीलच्या डब्यात भरून दिला. चुलतभावाची गिअरची सायकल ‘पाहुणा’ म्हणून माझ्याकडे आली. भाऊकडे वडिलांची जुनी ॲटलस, तिची चेन सारखी उतरायची. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, “तू पुढे हो, मी येतो.” आणि मी खरंच पुढे व्हायचो.

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटर. कपाशीची शेतं संपली की सातमाळ्याचे डोंगर समोर येतात. हे जंगल गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा भाग आहे. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. साग, अंजन, धावडा आणि पावसाळ्यानंतर सगळीकडे गुडघाभर गवत. इथे बिबटे आहेत, आणि २०२१ मध्ये एक वाघ थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आला होता. “त्याला बिनागिअरचं जमलं,” भाऊ म्हणाला, “मला का नाही जमणार?”

वनरक्षक काकांनी बजावलं, “पोरंहो, सायकली इथंच लावा. आत पायीच जा. अन् पाच वाजेच्या आत परत या.”

आधी देवीचं दर्शन घेतलं. इथला शिलालेख आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी बघायलाच हवा. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, त्याची ही नोंद. शेवटच्या ओळी तर जुन्या मराठीत आहेत. मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या करातून काय द्यायचं, ते त्यात लिहिलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. मी भाऊला हे सगळं ऐटीत सांगितलं. त्याने ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “इथं ॲडमिशन घेतलं असतं तर आपली एम-थ्री निघाली असती.” दोन वेळा राहिलाय त्याचा तो पेपर. मी हसलो.

मग नदीकाठाने केदारकुंडाकडे निघालो. वाटेत शेवाळलेल्या दगडावरून भाऊचा पाय मुरगळला. पुढे पायवाटेला फाटा फुटत होता. तो खाली बसला. “तू पुढे हो, मी येतो.”

मी निघालो. दहा मिनिटांत धबधबा बघून येतो, असा हिशेब! पण मी धरलेली वाट गुरांची निघाली आणि गवतात विरून गेली. मागे वळलो तर मागचीही वाट दिसेना. मोबाईलला रेंज शून्य. हाका मारल्या, त्या समोरच्या कड्यावर आपटून परत आल्या. चार वाजले. ऊन कड्यावर चढलं आणि दरीत अंधारून आलं. तो बिबट्या आणि तो वाघ, दोघेही आठवले. घसा कोरडा पडला.

पाणी उताराकडे वाहतं, एवढंच फ्लुइड मेकॅनिक्स त्या वेळी कामाला आलं. एका ओहळाच्या कडेने खाली उतरत राहिलो. काट्यांनी हात सोलवटले. आणि अचानक आवाज आला... टण्, टण्, टण्.

भाऊ त्याच फाट्यावर बसलेला होता. पाय सुजलेला, आणि हातात दगड. रिकामा डबा तो दर दोन-चार मिनिटांनी वाजवत होता. दीड तास! डब्याचा पार चेंदामेंदा झाला होता. त्याच्या वाटणीची भाकरी त्याने खाल्ली होती, माझी रुमालात बांधून ठेवली होती.

“निघून जायचंस ना चौकीवर,” मी म्हणालो.

“तू परत आला असता अन् मी नसतो, तर?”

मला उत्तर सुचलं नाही. निकालाच्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बाहेर निघालो, तेव्हाही तो हेच म्हणाला होता, “तुम्ही पुढे व्हा, मी येतो.” तो आलाच नव्हता आणि आमच्यापैकी कुणी मागे वळून बघायलाही गेलं नव्हतं. माझी एम-थ्री पहिल्याच फटक्यात निघालेली. एकाच खोलीत दीड वर्षं राहून मी त्याला एक गणित समजावून दिलं नव्हतं.

त्याचा हात खांद्यावर घेऊन चौकीवर पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. काकांची बोलणी खाल्ली, ती योग्यच होती.

परत आल्यावर लायब्ररीतून ‘लीलावती’चं मराठी भाषांतर आणलं. त्यातली कितीतरी गणितं समोर बसलेल्या मुलीला विचारावीत तशी आहेत: बाळे, सांग बरं किती? आठशे-नऊशे वर्षांपूर्वीही गणित असं समोरासमोर बसून शिकवत असतील बहुतेक.

आता रोज रात्री दहा ते अकरा आम्ही लॅप्लास घेऊन बसतो. तो अडला की थांबायचं. मीही अडतो, तेव्हा कळतं की मला ते पाठ होतं, येत नव्हतं. मला डुलकी लागली की भाऊ शेल्फवरचा तो चेंदलेला डबा पट्टीने वाजवतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल. काहीही लागो, डिसेंबरात पुन्हा पाटणादेवीला जायचं ठरलंय, केदारकुंड बघायचंच राहिलंय. या वेळी ॲटलस मी चालवणार आहे.