'ऑनर्स'च्या एका वर्षाची किंमत

माझ्या भाचीला न्यायाधीश व्हायचे आहे. आमच्या घरात आजवर साधा वकीलही झालेला नाही. बारावीनंतर तिला सल्ला मिळाला, 'आधी चार वर्षांची ऑनर्स पदवी घे, मग एलएलबी कर. ऑनर्सला वजन असते.' तिने विचारले, "मामा, काय करू?" मी म्हटले, आधी वर्षे मोज.

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांत पदवी मिळते, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. तीन वर्षांच्या एलएलबीला तीन वर्षांची पदवी पुरते. म्हणजे ऑनर्स करून सात वर्षे, साध्या पदवीने सहा आणि बारावीनंतर थेट बीए एलएलबी केले तर पाच. त्यावर २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ज्याच्या मागे वकील बाप नाही, त्याला ही तीन वर्षे कशी जातात, ते कोर्टात फिरणाऱ्या आपल्या पोरांना विचारा.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही आधी अर्थशास्त्र शिकले, मग कायदा. खरे आहे. पण १९१६ मध्ये लंडनला पोहोचताच त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे प्रवेश घेतला. तरी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये दोन्ही अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये पैसे जमवून ते पुन्हा गेले. एकेका वर्षाची किंमत त्यांना ठाऊक होती. आपण ती एका शब्दासाठी का मोजायची?

आणि ऑनर्स हवेच असेल, तर ते कायद्याच्या पदवीतच मिळते. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात बीए एलएलबी ऑनर्स पाच वर्षांचे आहे. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्रही त्यात येते. अडचण दोन ठिकाणी आहे: फी मोठी आणि क्लॅट परीक्षा फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलांना दाराबाहेर ठेवणारी ही अट आहे. त्याविरुद्ध आपण बोललेच पाहिजे. पण तोवर राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते आणि त्यावर नागपूरच्याच महाविद्यालयांत पाच वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळतो. दोन्ही अर्ज भरा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेची कागदपत्रे, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, आजच तयार ठेवा.

ज्याला संशोधन करायचे, पीएचडीकडे वळायचे, त्याने चौथे वर्ष जरूर करावे. न्यायासनावर बसायचे असेल, तर ते वर्ष वकिलीसाठी राखावे. तिथे आपली माणसे कमी आहेत, त्यांनी उशिरा पोहोचणे आपल्याला परवडणारे नाही.

जय भीम!